चित्र भरणे आणि सोडणे

घरगुती सर्व्हर म्हणजे घरातल्या सर्वांसाठी अहोरात्र चालू ठेवलेला आणि घरातल्या एकाच माणसाला समजणारा संगणक. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो आणि बहुतेक वेळा झाकणही नसते. ते मागच्या दुरुस्तीच्या वेळी काढलेले असते आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी पुन्हा काढावे लागणार म्हणून बसवलेले नसते. व्हिडिओ टिपणे, तो साठवणे आणि नेटवर्कवरून घरातल्या वा घराबाहेरच्या पडद्यांवर पाठवणे, अशी त्याची तीन कामे. पनवेलमध्ये ही तीन कामे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. पाणी भरणे, पाणी साठवणे आणि पाणी सोडणे ही त्यांची थोरली भावंडे तिथे घरोघर आहेत.

वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तळी गावातच आहेत, गाढी नदीवर देहरंग धरण आहे, आणि तरीही उन्हाळा तापला की जुन्या पनवेलमध्ये मोरीपासून गॅलरीपर्यंत पिंपे, हंडे, कळश्या आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या भरलेल्या दिसतात. नळाला पाणी कधी येईल आणि किती दाबाने येईल याचा भरवसा नसला की माणूस आलेले पाणी आधी भरतो आणि ते लागणार आहे का, याचा विचार सवडीने करतो. सर्व्हर बाळगणाऱ्या गृहस्थाचीही वृत्ती हीच असते. नेट आत्ता आहे, संध्याकाळचे सांगता येत नाही. सिनेमा आज या ॲपवर आहे, पुढच्या महिन्यात कुठे जाईल ठाऊक नाही. माळ्यावरचा व्हीसीआर अजून फिरतो आहे, पण घरघर वाढली आहे. तेव्हा भरून ठेवलेले बरे.

साठवणीच्या धंद्यात पनवेलने आता चांगलेच नाव काढले आहे. २०२० साली पनवेलजवळ योट्टा कंपनीचे एनएम-१ हे डेटा सेंटर सुरू झाले. त्याची क्षमता ७,२०० रॅकची आणि विजेची तरतूद ५० मेगावॉटची सांगतात. घरगुती सर्व्हरलाही रॅक असतो. तो चपलांचा असतो. मोठ्या केंद्रात हवा थंड राखणारी यंत्रणा असते, घरी टेबलफॅन असतो आणि तो पाहुणे आले की त्यांच्याकडे वळवला जातो. तिथे वीज गेली की जनित्रे सुरू होतात. इथे इन्व्हर्टर असतो आणि त्यावर एक पंखा, एक ट्यूब आणि सर्व्हर यांपैकी कोणतेही दोनच चालतात. हे दोन कोणते, याचा निर्णय त्या त्या वेळी घरात जो सर्वांत जास्त घामाघूम झाला असेल तो घेतो.

घरात सर्व्हर का असावा, हा प्रश्न पनवेलपुरता नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली ‘विंडोज होम सर्व्हर’ नावाची प्रणाली बाजारात आणली, तेव्हा खुद्द कंपनीलाच तो प्रश्न पडला असावा, कारण जाहिरातीसाठी तिने लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाची एक नक्कल काढली आणि तिचे नावच मुळी ‘आई, घरात सर्व्हर का आहे?’ अशा अर्थाचे ठेवले. पुढे २०१२ साली कंपनीने ही प्रणाली पुढे चालवायची नाही असे जाहीर केले. प्रश्न मात्र चालू राहिला. मराठी घरात तो मूल विचारत नाही, आई विचारते, आणि तोही विजेचे बिल हातात धरून. चाळीस वॉट खाणारे यंत्र दिवसरात्र चालू ठेवले तर महिन्याला सुमारे २९ युनिट होतात. हा आकडा गृहस्थाला तोंडपाठ असतो, पण तो आपणहून कधी सांगत नाही.

सर्व्हरसाठी नवे यंत्र विकत घेण्याची रीत नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा संगणक किंवा बिजागरी तुटलेला लॅपटॉप या कामी येतो. ज्यांना नवे घ्यायचेच असते ते रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक घेतात. एवढ्याशा यंत्रासाठी एवढी चर्चा कशाला, असे मग घरात म्हटले जाते. मोठे यंत्र आणले असते तर एवढे मोठे कशाला असे म्हटले गेले असते. सुट्या भागांसाठी पूर्वी लॅमिंग्टन रोडला जावे लागे. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारले तर विचारणारा बाहेरगावचा ठरतो. पनवेल लोकलने सव्वा तासात मुंबई गाठायची, दीडशे रुपयांची वायर घ्यायची आणि घरी येऊन ती उलट्या टोकाची निघाली हे पाहायचे, असा तो रविवार असे. आता वायर घरपोच येते. उलट्या टोकाची निघण्याची सोय कायम आहे.

व्हिडिओ टिपण्याचे काम कुठल्या स्रोतावरून आहे, यावर त्याची अवघडता ठरते. मोबाइलमधले चित्रण आधीच फाइल असते. ते नुसते ओतायचे. छोट्या डिजिटल कॅसेटवरचे, म्हणजे मिनीडीव्हीवरचे चित्रण तासाला सुमारे १३ जीबी भरते आणि त्यासाठी जी फायरवायरची खाच लागते ती नव्या संगणकांवर दिसत नाही. सेट-टॉप बॉक्समधून टिपणे वरवर सर्वांत सोपे वाटते. वायर लावायची आणि मालिका भरून घ्यायची. पण एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर त्याचे कुलूपही येते, आणि टिपणाऱ्या यंत्राकडे किल्ली नसली की चित्र उतरत नाही. मग रात्री लावून ठेवलेल्या रेकॉर्डिंगमधून सकाळी तीन तासांचा निर्मळ काळा पडदा मिळतो. त्याची फाइल मात्र व्यवस्थित तयार झालेली असते आणि तिला भागाचा क्रमांकही दिलेला असतो.

या विषयाचा खरा गाभा व्हीएचएस कॅसेट हा आहे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ही पद्धत १९७६ साली आणली. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. त्या काळात पनवेलच्या कौलांवरचे ॲन्टेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून असत आणि गच्चीवरचा मुलगा व खोलीतले वडील यांच्यात “आलं का?”, “आलं... गेलं! होतं तसंच धर!” असा संवाद चाले. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंग आला आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर. तो विकत घेणारे थोडे, रात्रभराच्या बोलीवर भाड्याने आणणारे फार. भाडे वसूल व्हावे म्हणून एका रात्रीत तीन सिनेमे पाहिले जात आणि तिसरा संपेपर्यंत जागा असलेला माणूस सकाळी कथा सांगताना तिन्ही सिनेमांतले नायक एकाच नायिकेशी लावून मोकळा होई.

नेटवर्कवरून चित्र सोडण्याचा शोधही वाटतो तितका नवा नाही. ऐंशीच्या दशकात कुणीतरी आपल्या खोलीत व्हीसीआर लावला, त्यातून वायर काढली, ती खिडकीतून शेजारच्या इमारतीत नेली आणि महिना ठरवून पैसे घ्यायला सुरुवात केली. त्याला केबलवाला म्हणत. घरात यंत्र, यंत्रात साठवलेले चित्र, वायरीवरून अनेक घरांत एकाच वेळी प्रक्षेपण: आज ज्याला घरगुती स्ट्रीमिंग सर्व्हर म्हणतात तो हाच, फक्त तेव्हा त्याला धंदा म्हणत आणि आता छंद म्हणतात. १९९१ च्या आखाती युद्धात तबकड्या आल्या, १९९५ साली केबलसाठी कायदा झाला, वायरी नारळाच्या झाडावरून निघून खांबावर गेल्या. केबलवाल्याला एक गोष्ट मात्र साधली होती, जी आजच्या सर्व्हरधारकाला साधत नाही. चित्र गेले की लोक त्याच्या घरी जाऊन भांडत, म्हणजे निदान कुणीतरी पाहत होते हे त्याला कळत होते.

लग्नाची कॅसेट हा मराठी घरातला दस्तऐवज आहे आणि तो तीन तासांचा असतो. ई-१८० जातीच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर फीत गुंडाळलेली असते. ती टिपून घ्यायची तर व्हीसीआरची लाल, पांढरी आणि पिवळी वायर एका बोटभर कॅप्चर यंत्राला जोडायची आणि कॅसेट सुरू करायची. इथे घाईला वाव नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. नळाला करंगळीएवढी धार असताना पिंपाजवळ नुसते बसून राहण्याचा ज्याला सराव आहे त्याला हे जमते; इतरांनी या वाटेला जाऊ नये. मध्येच उठून गेले की नेमके तेव्हाच चित्र उड्या मारू लागते, कारण जुन्या फितीचा वेग किंचित कमीजास्त होतो आणि कॅप्चर यंत्र तेवढ्यावर रुसून टिपणे थांबवते. ते थांबलेले कळते ते पाऊण तासाने.

त्याआधी बुरशीचा प्रश्न येतो. कोकणातला पावसाळा चार महिन्यांचा, माळा पत्र्याखाली आणि कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सुरक्षित ठेवलेली. या सुरक्षिततेत ओल छान टिकते. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये, असे जाणकार सांगतात, कारण बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. म्हणजे एका आत्याच्या लग्नावरून ती दुसऱ्या आत्याच्या लग्नावर जाते. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. ते औषधाच्या दुकानात मागताना ‘कॅसेट पुसायला’ असे खरे कारण सांगितले तर दुकानदाराचा विश्वास बसत नाही. नवा व्हीसीआर आणून हा प्रश्न सुटत नाही, कारण नवा व्हीसीआर नाही. तो बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पनवेलची नगरपालिका महानगरपालिका झाली. दोन घटनांचा संबंध नाही, पण ज्यांच्याकडे जुनी नगरपालिका आणि जुना व्हीसीआर दोन्ही होते, त्यांना ते वर्ष लक्षात राहिले आहे.

चित्र सुरू झाल्यावर काय दिसते? तांत्रिक उत्तर असे: आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र ६२५ रेषांचे, त्यांतल्या ५७६ दिसणाऱ्या. पण एक चित्र एकदम येत नाही. आधी विषम रेषा, मग सम रेषा, अशा दोन हप्त्यांत येते. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवर हे दोन हप्ते बेमालूम मिसळत. नव्या सपाट पडद्यावर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. नवरी स्थिर बसलेली असते तिथे चित्र स्वच्छ. गुरुजींनी आहुती टाकायला हात उचलला की हाताचा कंगवा होतो. हे दात काढून टाकणारी आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये असते. ती द्यायला गृहस्थ पहिल्या चार कॅसेटना विसरतो.

आणि घरगुती उत्तर असे: तीन तासांपैकी पहिली बारा मिनिटे नारळ, कमळ आणि उडत्या बदामाच्या आकारात नवरानवरीचे चेहरे फिरतात. मंगलाष्टकांच्या जागी त्या वर्षीचे हिंदी गाणे असते, कारण व्हिडिओवाल्याने मूळ आवाज पुसून ते भरले आहे. त्यामुळे मुहूर्तावर नेमके काय म्हटले गेले, याचा पुरावा कुठल्याही पिढीकडे नाही. हॅलोजनचा दिवा अंगावर आल्याने सर्व पाहुणे डोळे मिचकावतात. पंगतीत कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडात घास असतानाच पोचतो, हा योगायोग इतक्या सातत्याने घडतो की त्याला नियम म्हणायला हरकत नाही. आहेराच्या रांगेत पाकीट देणाऱ्याचा चेहरा नीट येतो, पाकिटावरचे नाव येत नाही. ज्यांच्यासाठी ही नोंद महत्त्वाची होती त्यांनी तेव्हाच वही ठेवली होती.

काही कॅसेटमध्ये दोन समारंभ असतात. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा एक लहान तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरे काही टिपता येत नाही. पण मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवली की पुन्हा टिपता येते, हे घरातल्या क्रिकेटवेड्या काकांना ठाऊक असते. मग मुंजीच्या कॅसेटमध्ये मातृभोजन होते, बटू भिक्षावळीला उभा राहतो, “ॐ भवति—” इथपर्यंत येतो आणि एकदम बंगळूर लागते. ९ मार्च १९९६, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अजय जडेजा वकार युनूसला धुतो आहे. पंचवीस चेंडूंत पंचेचाळीस. बटूला भिक्षेत काय मिळाले, हे त्या घराला कधीच कळत नाही. कॅप्चर करणारा गृहस्थ या ठिकाणी टिपणे थांबवील अशी अपेक्षा असते. तो थांबवत नाही. शेवटचे षटक होईपर्यंत तो बसून राहतो आणि तेही सर्व्हरवर भरतो.

आकारमानाचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला सहा मेगाबिट या दराने भरलेला एक तास सुमारे २.७ जीबी होतो. पुढे दाबून दोन मेगाबिटवर आणला तर एका जीबीच्या आत. व्हीएचएसच्या फितीत मुळातच तपशील थोडा, आडवा मोजला तर जेमतेम २४० रेषांचा. त्यामुळे ती फार मोठ्या फाइलीत भरणे म्हणजे वाटीभर आमटी पातेल्यात ठेवण्यासारखे आहे. गृहस्थ ती पातेल्यातच ठेवतो, कारण पुढे कधी तंत्र सुधारले तर आमटी वाढेल अशी त्याला आशा वाटते.

त्याहून अवघड भाग नावे ठेवण्याचा, म्हणजे फाइलींना. ‘लग्न’, ‘लग्न नवीन’, ‘लग्न फायनल’, ‘लग्न फायनल आवाजासह’ अशी चढती भांजणी तयार होते आणि चारही ठेवाव्या लागतात, कारण पाठवणी फक्त दुसऱ्या फाइलीत आहे. जेलीफिन किंवा प्लेक्स यांसारखी सॉफ्टवेअरे मदतीला येतात. फाइलीचे नाव वाचून ती नेटवरच्या सिनेमांच्या सूचीत जुळणारा सिनेमा शोधतात आणि त्याचे पोस्टर, कलाकार, कथासार आपोआप लावतात. व्यावसायिक सिनेमांसाठी सोय उत्तम. पण ‘मुंज’ नावाच्या फाइलीला २०२४ सालच्या ‘मुंज्या’ या भयपटाचे पोस्टर लागू शकते, आणि मग टीव्हीच्या पडद्यावर घरच्या मंगलकार्यांच्या रांगेत पिंपळावरचे भूत जाऊन बसते. बटू आता चाळिशीजवळ आला असून त्याची याबद्दल तक्रार नसते. तक्रार आजीची असते.

साठवलेले चित्र घरातल्या घरात सोडणे हे नळजोडणीचे काम आहे. राउटर हॉलमध्ये असतो, कारण फायबरवाल्याने तिथे खिळा मारला. हॉलमध्ये दाब उत्तम. स्वयंपाकघरात मध्यम, मायक्रोवेव्ह चालू असेल तर शून्य, कारण तोही वायफायच्या जवळच्याच लहरींवर काम करतो. शेवटच्या खोलीत थेंब थेंब. काँक्रीटची नवी इमारत असो वा कापड बाजाराकडचा जाड भिंतींचा जुना वाडा, शेवटच्या खोलीत चित्र गोल गोल फिरत राहते आणि हॉलमधून कुणीतरी ओरडते, “आलं का?” गच्ची सोडली तर १९७५ पासून फारसे काही बदललेले नाही. यावर खात्रीचा उपाय वायर ओढणे हाच. पण ती दाराच्या चौकटीवरून, देवघराच्या मागून आणि खिडकीच्या फटीतून न्यावी लागते आणि रंग नुकताच झालेला असतो.

दुसरी अडचण भाषांतराची. सर्व्हरवरची फाइल ज्या पद्धतीने दाबलेली असते ती पद्धत घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलला येत नाही. मग सर्व्हर तिचे चालता चालता रूपांतर करून देतो. या कामात यंत्र असे तापते आणि त्याचा पंखा असा आवाज काढतो, की बोरघाट चढणाऱ्या एसटीची आठवण यावी. आजीने मोबाइलवर नातीच्या बारशाचा व्हिडिओ लावला की घरातल्या सर्वांना तो न पाहताही कळतो.

फुकट सॉफ्टवेअरपैकी व्हीएलसीची जन्मकथा इथे सांगण्यासारखी आहे. १९९६ च्या सुमारास पॅरिसच्या एकोल सेंट्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवे होते, आणि त्यामागे खेळ खेळायचे हे एक कारण होते. ते कारण देऊन पैसे मिळणार नव्हते. उपग्रहावरचा टीव्ही नेटवर्कवरून सर्व खोल्यांत दाखवण्याचा प्रकल्प, असे कारण पुढे आले आणि नेटवर्क मिळाले. २००१ साली ते सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले झाले. पनवेलचा गृहस्थ हीच युक्ती उलट वापरतो. त्याला सर्व्हर हवा असतो. कारण म्हणून तो लग्नाच्या कॅसेट पुढे करतो.

घराबाहेर चित्र पाठवायचे ठरले की अवघडपणाची पुढची इयत्ता सुरू होते. घरी येणाऱ्या नेटचा पाइप जाड आणि घरातून जाणारा बारीक, अशी योजना अनेक ठिकाणी असते. त्यातच पुष्कळ सेवादाते अनेक ग्राहकांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात. हे समजायला मोठी सोसायटी डोळ्यांपुढे आणावी. बाहेरून आलेल्या पाहुण्याला फक्त सोसायटीचे नाव माहीत आहे, गेटवरच्या वॉचमनकडे फ्लॅटची यादी नाही, आणि आतल्या माणसाने स्वतः खाली येऊन बोलावल्याशिवाय कुणाला वर सोडायचे नाही असा नियम आहे. न्यू जर्सीची बहीण तासभर गेटवरच उभी राहते. यावर उपाय आहेत. खास बोगदा खणणारी सॉफ्टवेअरे आहेत, पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेता येतो. तोवर बहिणीकडे सकाळ होऊन ती कामाला गेलेली असते.

थेट प्रक्षेपणाचा हंगाम गणपतीचा. देवळांचे लाइव्ह दर्शन आता सगळीकडे आहे. घरच्या गणपतीचेही व्हावे, अशी मागणी परदेशी नातेवाइकांकडून येते. ओबीएस नावाचे सॉफ्टवेअर लावले जाते, मोबाइल कुकरच्या डब्याला टेकवून उभा केला जातो, कोपऱ्यात घराण्याचे नाव झळकते. संध्याकाळी साडेसातची आरती न्यू जर्सीत सकाळी दहाला आणि दुबईत सहाला दिसते. दिसते म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाने दिसते. रूढ पद्धतीत चित्राचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करतात आणि पाहणाऱ्याचे यंत्र असे काही तुकडे हाताशी जमल्याशिवाय सुरूच करत नाही. म्हणजे तेही आधी भरते, मग सोडते. त्यामुळे पनवेलमध्ये दुसरी आरती सुरू झालेली असताना दुबईचे काका पहिलीच म्हणत असतात, आणि सोबत फोनही चालू ठेवलेला असेल तर त्यांचा आवाज इथल्या आरतीत मिसळतो. टाळ्या दोन वेगवेगळ्या ठेक्यांत पडतात. कुणी मागे आहे आणि कुणी पुढे, यावरून प्रसाद येईपर्यंत चर्चा चालते. क्षणार्धात पोचवणारी पद्धतही आहे, पण ती लावली तर कर्पूरआरतीच्या ऐन वेळी चित्र फुटते, असा एक अनुभव घेतल्यावर घरातले वडीलधारे अर्ध्या मिनिटाच्या विलंबाच्या बाजूने कौल देतात. देवाला घाई नसते, असे म्हणतात. वायफायला कुणी विचारत नाही.

देखभालीबद्दल थोडक्यात. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, असा प्रतींचा नियम जगभर सांगतात. घराबाहेरची प्रत म्हणून गृहस्थ एक हार्ड डिस्क सासरी ठेवतो आणि सासरे ती पंखा लावण्यासाठी स्टुलाचा पाय समतोल करायला वापरतात. सर्व्हरला सर्वांत मोठा धोका हॅकरचा नसून मिक्सरचा असतो. दिवाळीत भाजणी दळायची, जवळचा प्लग तोच, आणि “पाचच मिनिटं काढते रे” हे वाक्य प्लग काढल्यानंतर उच्चारायची पद्धत आहे. कॅसेट टिपून झाल्या की त्या टाकून माळा मोकळा करायचा, असा मूळ बेत असतो. टाकवत नाहीत. त्या पुन्हा पिशवीत जातात, या वेळी पिशवीला गाठ मारत नाहीत, आणि सोबत बंद पडलेला दुसरा व्हीसीआर, तीन कॅप्चर यंत्रांची खोकी आणि दोन जुने राउटर चढतात.

राहता राहिले पाहणे. एका रविवारी सगळे जमतात आणि लग्न लावले जाते. उडते बदाम दिसताच मुले उठून जातात. सीमांतपूजनापर्यंत नवरानवरीही उठतात. ती दोघे त्या लग्नाला हजर होती. मग मांडवाच्या कडेने एक धोतर-टोपीतला माणूस हातात पाण्याची घागर घेऊन जातो. चार सेकंद. कॅमेरा त्याच्याकडे बघतही नाही, तो नुसता वाटेत येतो. “थांबव, थांबव! मागे घे! आप्पा!” सगळे परत येतात. चालणे तेच, एक खांदा किंचित उतरलेला. फोटोत तो कधी आला नव्हता. चार सेकंद आठ-दहा वेळा मागे घेतली जातात आणि दर वेळी आप्पा घागर घेऊन डावीकडून उजवीकडे जातात.

तेवढ्यात मावशी टीव्हीसमोर मोबाइल धरून तो भाग टिपते. तिरका, पडद्यावर खिडकीचा उजेड पडलेला, मागे कुकरची शिट्टी आणि सर्वांचे एकदम बोलणे. तो घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि बोगदा, स्वतंत्र पत्ता यांपैकी काही नसताना क्षणात न्यू जर्सी, दुबई आणि नाशिकला पोचतो. दुसऱ्या दिवशी गृहस्थ ती क्लिप ग्रुपवरून उतरवून घेतो, तिला ‘आप्पा फायनल’ असे नाव देतो आणि सर्व्हरवर भरून ठेवतो.